विल्यम लुईसचा जीव घेणारं ते हवाई टपाल: खरंच गरज होती का?

धागाकर्ता
अमेरिकेच्या हवाई टपालाचा विषय निघाला की वैमानिक जॅक नाइटचं नाव हमखास येतं. २२ फेब्रुवारी १९२१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं टपाल ३३ तास २० मिनिटांत न्यूयॉर्कला पोचलं आणि रात्रीचा अवघड पल्ला नाइटने मारला. पण तेच टपाल त्याच्याआधी विल्यम लुईसकडे होतं. नेवाडातल्या एल्कोहून उडाल्यावर थोड्याच वेळात त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. टपाल दुसऱ्या विमानात भरून पुढे रवाना झालं.

माझ्या मते रात्रंदिवस विमानानेच टपाल नेण्याची ही मोहीम काढायलाच नको होती. ४ मार्चला सरकार बदलणार होतं, काँग्रेस (अमेरिकेची संसद) हवाई टपालाचा पैसा तोडायच्या बेतात होती, म्हणून टपाल खात्याने ऐन हिवाळ्यात हा घाट घातला. वाटेवर दिवे नाहीत, विमानात रेडिओ नाही. आणि धोका ठाऊक नव्हता असंही नाही. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेलमाँट पार्कला धुक्यात उडायला नकार देणाऱ्या दोन वैमानिकांना खात्याने काढून टाकलं, तेव्हा बाकीच्यांनी संपच केला होता. वेळापत्रकासाठी अडून बसणारे, हवाई टपाल सांभाळणारे टपाल खात्याचे अधिकारी ओट्टो प्रेगर स्वतः वैमानिक नव्हते, हेही लक्षात घ्या.

कंदील
साफ असहमत. लुईस पडला तो दिवसा. त्याच्या मरणाचं खापर रात्रीच्या उड्डाणावर फोडता येत नाही. तेव्हा विमानं दिवसाढवळ्याही पडत होती. पहिल्या नऊ-दहा वर्षांत त्या खात्याचे तीसहून जास्त वैमानिक गेले.
आणि त्या एका रात्रीने काय मिळवून दिलं ते बघा. काँग्रेसने साडेबारा लाख डॉलर मंजूर केले. पुढे शिकागो ते शायेन वाटेवर दिव्यांचे मनोरे उभे राहिले, १ जुलै १९२४ पासून रात्रीचं टपाल नियमित सुरू झालं. आधी दिवे लावा म्हणणं सोपं आहे, पण पैसे कोण देणार होतं?

माळरान
नाइटची रात्र जवळून पाहिली तर मला धागाकर्त्यांचं पटतं. नॉर्थ प्लॅटहून ओमाहापर्यंत गावकऱ्यांनी शेकोट्या पेटवून वाट दाखवली. ओमाहाला पुढचा वैमानिकच हजर नाही. शिकागोचा मार्ग नाइटने कधी उडवलेला नव्हता, तरी रस्त्यांचा नकाशा घेऊन तो निघाला. आयोवा सिटीच्या मैदानावरची माणसं उड्डाण रद्द झालं समजून घरी गेलेली. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने मशाल पेटवली म्हणून तो उतरला. न्यूयॉर्कहून उलट दिशेने निघालेल्या दोन विमानांपैकी एकही शिकागोच्या पुढे गेलं नाही. नाइटच्या हिमतीला सलाम, पण खात्याच्या कारभाराला काय म्हणायचं?

जुहूकर
आपल्याकडचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, तेही रेडिओशिवाय. पण दिवसा. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं तेव्हा त्यांनी मुक्काम पुण्याला हलवला. हट्टाने जुहूलाच उतरायचं असं केलं नाही. टपाल तरीही चाललंच की!

कंदील
जुहूकर, तुलना बरोबर नाही. टाटांकडे १९३२ चं पुस मॉथ होतं, लुईसकडे महायुद्धातून उरलेलं डी. एच. ४. मधल्या अकरा वर्षांत विमानं सुधारली ती अशाच उड्डाणांतून शिकून. शिवाय दिवसा विमान आणि रात्री रेल्वे, अशी व्यवस्था अमेरिकेत सप्टेंबर १९२० पासून होतीच. रात्री विमान उतरवून टपाल गाडीत चढवायचं तर वेग उरतो किती? त्या पद्धतीने हवाई टपाल बंदच पडलं असतं.

धागाकर्ता
कंदील, वेग कुणाला हवा होता ते सांगा. त्या व्यवस्थेत टपाल तीन-एक दिवसांत पोचत होतं. सामान्य माणसाचं पत्र आणखी दीड दिवस थांबलं असतं तर काय अडलं असतं?

कंदील
बँकांचं अडत होतं. चेक वाटेत असेपर्यंत व्याज बुडायचं. हवाई टपालाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बँकाच.

धागाकर्ता
मग माझा विरोध दुप्पट झाला. बँकांचं दीड दिवसाचं व्याज वाचावं म्हणून लुईसला एल्कोहून उडवणं मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. पैसे मागायला काँग्रेसपुढे दिव्यांचा आराखडा घेऊन जायचं होतं, वैमानिकांचे जीव घेऊन नव्हे.