स्विच जंप: पाठमोरे उड्डाण आणि गिरकी शिकण्याचा क्रम कोणता असावा?

घाटवळण (डेन्व्हर)

नमस्कार. कोलोरॅडोतील कॉपर माउंटन आणि ब्रेकनरिज या दोन ठिकाणी मी हिवाळाभर स्कीइंग करतो. टेरेन पार्कमधील (उड्या व कसरतींसाठी राखलेल्या भागातील) लहान जंपवर समोर तोंड करून घेतलेली १८० आणि ३६० अंशांची गिरकी आता भरवशाने उतरते, आणि १८० नंतर पाठमोरा उतरलो तरी पुढचा उतार त्याच स्थितीत सहज पार होतो. आता मला पाठमोरे जाऊनच, म्हणजे स्विच, उडी घ्यायची आहे आणि तिथे गाडी अडली आहे. लिप, म्हणजे जिथून हवेत सुटतो ती जंपची कड, येण्याच्या थोडे आधी माझे खांदे आपोआप वळू लागतात, स्की सपाट न राहता एका एजवर, म्हणजे कडेच्या धारेवर, चढतात आणि मी जंपच्या मधोमध न उडता एका बाजूला फेकला जातो. त्यामुळे गिरकी कधी अर्धवट राहून मी आडवा उतरतो, तर कधी गरजेपेक्षा जास्त फिरतो.

आधी गिरकीशिवाय, स्विच जाऊन स्विचच उतरण्याची सरळ उडी पक्की करावी, की थेट स्विच १८० ला हात घालावा, याविषयी मला दोन्ही प्रकारचे सल्ले मिळाले आहेत. जाताना कोणत्या खांद्यावरून पाहावे, आणि जंप पाठीमागे असताना वेगाचा अंदाज कसा घ्यावा, हेही जाणकारांनी सांगावे.

हिमरेषा (कॅलगरी)

आपण जे वर्णन केले आहे त्यावरून अडचण गिरकीची नसून तिच्या आधीच्या काही मीटरांची आहे, असे मला वाटते. मी येथे हौशी मुलामुलींना पार्कमधले स्कीइंग शिकवते आणि स्विच शिकणाऱ्या बहुतेकांना मी हेच करताना पाहते: गिरकी राहून जाईल या भीतीने ती जमिनीवरच सुरू केली जाते. गिरकीला लागणारा जोर स्की बर्फाला टेकलेल्या असतानाच मिळतो हे खरे आहे, कारण एकदा लिप सुटली की शरीराचा कोनीय संवेग बदलता येत नाही. हात जवळ घेऊन गिरकीची गती वाढवता येते किंवा पसरून कमी करता येते, इतकेच. परंतु तो जोर शेवटच्या क्षणी, पाय ताणून पॉप, म्हणजे उसळी, देतानाच लावायचा असतो. त्याआधी खांदे वळले की कंबर त्यांच्या मागे जाते, गुडघे कंबरेच्या मागे जातात आणि स्की एजवर चढते. एजवर चढलेली स्की आपल्याला सरळ जाऊच देत नाही.

म्हणून जंप काही काळ बाजूला ठेवावी. हलक्या उताराच्या हिरव्या, म्हणजे सोप्या, पिस्तीवर (स्कीच्या आखलेल्या वाटेवर) स्विच जाताना दोन्ही स्की पूर्ण सपाट ठेवून एका सरळ रेषेत बराच वेळ जाण्याचा सराव करावा. ऐकायला हे सोपे वाटते, पण सपाट स्की थोडी डुलते, आणि ते डुलणे सहन न होऊन माणूस नकळत एजचा आधार घेतो. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे आणि घोटे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आणि हात डोळ्यांना दिसतील असे, ही स्थिती धरावी. पाहण्यासाठी मान आणि थोडासा वरचा खांदा वळवावा, कंबर मात्र वळवू नये.

जंपच्या चढावर शरीर त्या चढाशी काटकोनात राहिले पाहिजे. स्विचमध्ये टेल (स्कीची मागची टोके) आधी वर चढतात, त्यामुळे घाबरून कंबरेतून पुढे वाकल्यास भार टिपांवर (पुढच्या टोकांवर) जातो, पॉप मिळत नाही आणि हवेत पाय शरीराच्या पुढे निघून जातात. याउलट, उताराच्या दिशेने रेलल्यास टेलवर भार येऊन पाठीवर उलटण्याचा धोका असतो, आणि तो अधिक गंभीर आहे. पहिल्या चुकीत माणूस बहुधा हातांवर पडतो. दुसऱ्या चुकीत डोके आणि पाठ सापडते.

वेगाविषयी माझा आग्रह एकच आहे. ज्या जंपवर स्विच जायचे आहे, तिच्यावरून त्याच सकाळी आधी समोर तोंड करून सरळ उडी घ्यावी आणि कोणत्या जागेवरून सुटल्यास लँडिंगच्या उतारावर नीट उतरता येते ते ठरवावे. मग त्याच जागेवरून स्विच सुटावे आणि मध्ये वेग कमी करू नये. समोर जाताना आपण सवयीने स्की थोडी आडवी घालून वेग कमी करतो. स्विचमध्ये तसे केल्यास सपाटपणा आणि रेषा दोन्ही जातात. वेग कमी करायचाच असेल तर तो वरच्या भागात, टेल जवळ आणि टिपा लांब ठेवून घेतलेल्या उलट्या स्नोप्लाउने करावा. ऊन चढून बर्फ मऊ झाले की ठरवलेली जागा पुन्हा तपासावी लागते.

उत्तरायण (इन्सब्रुक)

हिमरेषा यांचे पाठमोऱ्या जाण्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सरळ स्विच उडीविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही, आणि तेथे माझे मत स्पष्ट आहे: जंपवर ती आधी शिकू नये. त्या उडीत शेवटपर्यंत मान वळवून लँडिंग शोधावे लागते, पाय ज्या दिशेला आहेत तिकडे डोळे नसतात, आणि उतरतानाचा धक्काही पाठमोराच सोसावा लागतो. स्विच १८० मध्ये मात्र उड्डाण पाठमोरे असले तरी लिप सुटल्यावर लगेच लँडिंग समोर येते, आणि उतरणे आपल्या सवयीच्या दिशेचे होते. आपली ३६० पक्की आहे, म्हणजे हवेत १८० अंश फिरणे आपल्याला नवीन नाही. सरळ स्विच उडी जमिनीवरच्या लहान उंचवट्यांवर, रोलरवर करावी. तिथे ती संतुलन शिकवते आणि पडण्याची किंमत फारशी नसते.

खांद्याविषयी सांगायचे, तर दोन्ही पद्धती चालतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. डावीकडे फिरायचे असेल आणि पाहणेही डाव्या खांद्यावरूनच असेल, तर नजर आधीच लँडिंगच्या बाजूला असते आणि १८० साठी तेवढे पुरते. लिप सुटताना पाय ताणून डोके पुढे नेले की उरलेले शरीर मागोमाग येते. परंतु या स्थितीत धड आधीच गिरकीच्या दिशेने वळलेले असल्यामुळे पीळ घ्यायला जागा उरत नाही. पुढे ५४० करायची असेल तर उलट, उजव्या खांद्यावरून पाहत जावे. मग पीळ आपोआप साठतो आणि लिपवर डोके एका बाजूकडून दुसरीकडे नेताना तो सुटतो. आपल्या बाबतीत खांदे लवकर वळतात, म्हणून १८० च्या आरंभी हाताची मुद्दाम झोक मुळीच देऊ नये, केवळ डोके आणि पाय यांनीच ती करावी.

स्कीकडेही एकदा पाहावे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील व्हिस्लर ब्लॅककॉम्बच्या हिमनदीवर माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर, जेएफ कुसाँ आणि व्हिन्सेंट डोरियन ही स्कीपटू मंडळी जे करू पाहत होती, त्याला त्या काळच्या सपाट टेलच्या स्की अपुऱ्या पडत होत्या. १९९८ मध्ये सालोमन कंपनीने टेनएटी ही दोन्ही टोके वर वळलेली, म्हणजे ट्विन-टिप, स्की आणली आणि पाठमोरे उडणे व उतरणे पार्कमधल्या सर्वांच्या आवाक्यात आले. आजही ट्विन-टिप असली तरी बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग) बरेच मागे बसवलेले असेल, तर गिरकीत टिपा लांब आणि जड वाटतात. पार्कसाठी बाइंडिंग स्कीच्या मध्याच्या जवळ बसवतात. दुकानातून ते तपासून घ्यावे.

सांजवारा (पुणे, पूर्वी सॉल्ट लेक सिटी)

उतरण्याविषयी थोडे लिहितो, कारण स्विच शिकणारे उड्डाणाकडेच सगळे लक्ष देतात. उतरताना बसणारा धक्का उंचीपेक्षा लँडिंगच्या उतारावर अधिक अवलंबून असतो: आपल्या वेगाचा जो भाग उताराला लंब असतो, तोच गुडघे आणि पाठ सोसतात. म्हणून उतार जिथे तीव्र आहे तिथे उतरणे हलके वाटते. नकलच्या (लँडिंगचा उतार जिथे सुरू होतो त्या कडेच्या) अलीकडे सपाट टेबलावर आणि उतार संपल्यावरच्या सपाटीवर तीच उडी हाडे मोडू शकते. घाबरलेला माणूस स्विचमध्ये वेग कमी ठेवतो आणि नकलवर आदळतो. त्यामुळे लहानात लहान जंप निवडावी, पण तिला लागणारा पूर्ण वेग द्यावा.

दुसरे असे की पाठमोरे जाताना खालचे अर्धे दृश्य आपल्याला दिसत नाही. नकलच्या बाजूला एक सोबती उभा ठेवावा आणि त्याने हात वर केल्याशिवाय सुटू नये. हेल्मेटचा पट्टा आवळलेला असावा.

घाटवळण (डेन्व्हर)

सर्वांचे मनापासून आभार. बाइंडिंग तपासले, ते मध्यापासून बरेच मागेच आहे, आता पुढे सरकवून घेतो. कॉपर येथील वुडवर्ड या सराव केंद्राच्या बार्नमध्ये (बंदिस्त सभागृहात) ट्रॅम्पोलिन आणि फोमचे खड्डे आहेत, तेथे आधी सराव केल्यास उपयोग होईल का? आणि १८० नंतर ३६० घ्यावी की ५४०?

हिमरेषा (कॅलगरी)

बार्नचा उपयोग नक्की होईल, विशेषतः डोके एका खांद्यावरून दुसरीकडे नेण्याच्या वेळेचा. ट्रॅम्पोलिनवर सपाट स्की आणि टेलखालचा चढ मात्र अनुभवता येत नाही, म्हणून उतारावरचा सराव सोडू नये.

उत्तरायण यांचा क्रम मला मान्य आहे. पुढच्या टप्प्याविषयी माझे मत असे की ५४० आधी घ्यावी. स्विच ३६० मध्ये अर्ध्या गिरकीनंतर लँडिंग समोर दिसते आणि ते दिसत असतानाच त्याच्याकडे पाठ करून पाठमोरे उतरावे लागते, त्यामुळे अनेक जण तिथेच फिरणे थांबवतात आणि आडवे उतरतात. ५४० ला जास्त वेळ हवेत राहावे लागते, तेव्हा थोडी मोठी जंप लागेल, पण शेवटी नजर पुन्हा लँडिंगवर येते आणि उतरणे समोर तोंड करून होते. १८० डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत, जंपच्या मधोमध उतरू लागेपर्यंत मात्र मोठ्या जंपकडे जाऊ नये.