मिरच्या चिरल्यावर हातांची आग, आणि त्याच मिरचीचं मलम दुखण्यावर?

सांडगी_मिरची
उन्हाळी कामं सुरू झालीत. सांडग्या मिरच्यांसाठी किलो-दोन किलो मिरच्या उघड्या हातांनी चिरल्या की रात्रभर हात भगभगतात. कोमट पाण्याने धुतलं की आग आणखी वाढते, हा भास आहे का? आणि दुसरं, घरात गुडघेदुखीसाठी ०.०२५ टक्क्यांचं कॅप्सेसिनचं (मिरचीला तिखट करणारं द्रव्य) मलम आणलंय. ज्याने आग होते तेच दुखणं कसं थांबवणार? चार दिवस झाले, नुसतं चरचरतंय.

रसायनकट्टा
भास अजिबात नाही. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं. त्यांच्या २०२१ च्या नोबेलमागे हेच काम आहे. ही पेशीच्या आवरणातली एक झडप समजा. एरवी ती साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे चटका बसेल अशा तापमानालाच उघडते. कॅप्सेसिन चिकटलं की ही मर्यादा खाली येते आणि अंगाच्या नेहमीच्या उष्णतेलाही झडप उघडी राहते. कॅल्शियम-सोडियम आत शिरतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजलं. कातडी भाजलेली नसतेच. जी लाली दिसते ती त्याच तंतूंनी सोडलेल्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या रुंदावल्याने. अशा हातावर कोमट पाणी ओतलं तर काय होणार?

कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. तळहाताच्या जाड कातडीत ते सावकाश मुरतं, म्हणून चिरताना काही जाणवत नाही आणि काम आटोपल्यावर आग सुरू होते. तेव्हा पाण्याआधी तेल. दोन चमचे गोडेतेल बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना दोन मिनिटं चोळा, मग कागदाने कोरडं पुसा. पुसायचं राहिलं तर कॅप्सेसिन तेलासकट हातावरच राहतं आणि पसरतं. त्यानंतर भांड्यांचा साबण आणि गार पाणी, दोन-तीनदा. जे आत मुरलं ते धुऊन निघत नाही, ओसरायला काही तास जातातच. तोवर गार पाण्यात हात बुडवून ठेवा. बर्फ थेट कातडीवर धरू नका.

कोकणी_आमसूल
एवढं कशाला, लिंबाची फोड चोळा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

रसायनकट्टा
आमसूल, लिंबाच्या आम्लाने कॅप्सेसिनचं विघटन होत नाही. उलट आम्लाने हीच झडप जास्त हळवी होते. धड कातडीतून ते फारसं आत जात नाही म्हणून चालून जातं. पण विळीचा बारीकसा काप असला तर दुप्पट झोंबेल. त्यापेक्षा आधीच हातमोजे घाला, तेही नायट्राइलचे. लेटेक्समधून पुरेसं संरक्षण मिळत नाही. आणि मिरची चिरल्यावर फक्त बिया झटकून काही होत नाही. तिखटपणा तयार होतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत. (पोपट मिरच्या मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या झडपेवर कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही.)

औषधपेठ
मलमाचं सांगतो. झडप पुन्हा पुन्हा उघडून आत कॅल्शियम साठलं की ती प्रतिसाद देणं कमी करते आणि तंतूचं टोक काही काळ मंदावतं. दुखणं उतरतं ते या टप्प्यावर. म्हणून चार दिवसांत निकाल मागू नका. दिवसातून तीन-चार वेळा, पातळ थर, तोही नेमाने. फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात. बहुतेक जण इथेच चुकतात. चरचरलं की दोन दिवस सोडायचं, परत लावायचं. मग तंतू दर वेळी ताजातवाना असतो आणि आग पहिल्यापासून सुरू होते. असं करायचं असेल तर मलम न लावलेलं बरं.

लावल्यावर हात साबणाने धुवा. गुडघ्यावर शेकाची पिशवी नको, आधी-नंतर गरम पाण्याची आंघोळ नको, कारण वर दिलंच आहे. जखम किंवा पुरळ असलेल्या जागी लावू नका. फोड आले तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्क्यांची पट्टीही असते. ती एक तास ठेवतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्या मात्रेत तंतूंची टोकं काही काळ मागे हटतात आणि पुढे परत वाढतात. आराम साधारण तीन महिने टिकू शकतो. हे वाचून मिरचीचा लेप घरी करायला जाऊ नका. कुठल्या मिरचीत किती कॅप्सेसिन हे चवीवरून मोजता येत नाही.

सांडगी_मिरची
कळलं. शेक रोजच चालू होता, आजपासून बंद. तोच हात डोळ्याला लागला तर? तिथेही तेल?

औषधपेठ
डोळ्यात तेल, दूध काहीही नाही. आधी हात साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून टाकून द्या, मग स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली १५ मिनिटं डोळा उघडझाप करत धुवा. चोळू नका. त्यानंतरही धूसर दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.