स्थिर व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घ्यावे का?

धागा सुरू करणारे (मांजलपूर, वडोदरा)

रावपुऱ्यातील आमचे वडिलोपार्जित घर विकले गेले आणि धाकट्या बहिणीने आपल्या वाट्याच्या रकमेतून सदनिकेचे कर्ज फेडून टाकायचे ठरवले. मुद्दल १८ लाख रुपये शिल्लक आहे. बँकेने २ टक्के शुल्काचे ३६,००० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ६,४८० असे एकूण ४२,४८० रुपये मागितले, कारण पहिल्या तीन वर्षांचा स्थिर व्याजदर संपायला अजून चार महिने बाकी आहेत. रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली. राष्ट्रीय आवास बँकेने तर २०११ सालीच गृहवित्त कंपन्यांना सांगितले होते की कर्जदार स्वतःच्या पैशांतून फेडत असेल, तर स्थिर दराच्या गृहकर्जावरही शुल्क घेऊ नये. मग तोच न्याय बँकेच्या कर्जदाराला का मिळू नये? कर्ज दुसरीकडे नेणारा आणि घर विकून ऋणमुक्त होणारा यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

निवृत्त बँक अधिकारी (अलकापुरी)

आपल्या बहिणीबद्दल सहानुभूती आहे, पण मत पटत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बदलत्या दराच्या कर्जदारांचे हप्ते किंवा मुदती वाढल्या आणि ज्यांचा दर स्थिर होता त्यांना झळ लागली नाही. ती जोखीम बँकेने उचलली. दर चढले की करार पाळायचा आणि उतरले की विनाशुल्क बाहेर पडायचे, असे चालले तर स्थिर दराचे कर्ज द्यायला कोणी धजावणार नाही. शिवाय पैसे स्वतःचे की नातेवाइकांकडून उसने घेतलेले, हे शाखेने कसे पडताळायचे?

कर सल्लागार (दांडिया बाजार)

काका, जोखमीचा मुद्दा मान्य. परंतु नुकसान भरून काढणे हाच हेतू असेल, तर स्थिर दराची तीन वर्षे शिल्लक असताना आणि चारच महिने उरले असताना शुल्क तेवढेच कसे? ते कालावधीनुसार उतरायला हवे.

ताईंनी मात्र तूर्त थांबलेले बरे, कारण चार महिन्यांनी दर बदलता झाला की हे शुल्क लागणार नाही. दर साडेआठ टक्के धरला, तर चार महिन्यांचे व्याज सुमारे ५१,००० रुपये होईल. तीच रक्कम सहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, तर ३६,००० रुपये येतील, त्यातून प्राप्तिकर वजा. म्हणजे थांबण्याचा खर्च साधारण १५,००० आणि वर तो कर, तर आजच फेडण्याचा ४२,४८०. दर कोणत्या तारखेपासून बदलता होणार, हे मंजुरीपत्रात पाहून शाखेकडून लेखी घ्यावे. त्यानंतरही शुल्क मागितले, तर आधी बँकेकडे तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

निवृत्त बँक अधिकारी

शुल्क उतरते असावे, हे मला मान्य आहे. ते पूर्ण माफ व्हावे, हे नाही.

धागा सुरू करणारे

थांबण्याचा हिशेब बहिणीला पटला आहे. तारखेसाठी उद्या शाखेत अर्ज देतो. पडताळणीची अडचण मात्र मला खरी वाटत नाही. घराच्या विक्रीचे खरेदीखत आणि खात्यात जमा झालेली रक्कम हे पुरावे शाखेला सहज तपासता येतात.