समाजाचा पाठिंबा जाहीर झाला म्हणजे खरंच मतं पडतात का? (नाशिक)

सिडकोवाला
नमस्कार मंडळी. मी सिडकोत राहतो, मूळ गाव सटाण्याकडचं. आमच्या लाइनीत बहुतेक घरं कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) नाहीतर खानदेशातनं अंबड-सातपूरला कंपनीत कामाला आलेली. निवडणूक आली की समाजाचा मेळावा ठरलेला, मंगल कार्यालय बुक, उमेदवाराला शाल-श्रीफळ, आणि अध्यक्ष माइकवर सांगणार की अख्खा समाज तुमच्या पाठीशी आहे. मग तीच माणसं जेवून घरी येतात, ओट्यावर बसतात आणि भलतंच बोलायला लागतात.

दुसरं म्हणजे आमचे वडील, नाना. आयुष्यभर धनुष्यबाण, उमेदवार कोण हे विचारायचेही नाहीत. शिवसेना फुटली आणि 2024 च्या लोकसभेला इकडे ठाकरेंची मशाल तिकडे शिंदेंचा धनुष्यबाण, वाजे पण शिवसेना गोडसे पण शिवसेना, तर नाना शेवटपर्यंत गप्पच. मग माणूस मत कशावर देतो हो? जात, पक्ष, घरचं वळण की स्वतःचं डोकं? सिरियसली विचारतोय, राजकीय भांडण नको.

नाशिकरोड_मॅडम
भाऊ, प्रश्न चांगलाय, मी कॉलेजात हाच विषय शिकवते म्हणून जरा लांब लिहिते. 1940 साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांची निवडणूक होती, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी ओहायो राज्यातली एक काउंटी धरली आणि मे ते नोव्हेंबर त्याच त्याच माणसांना पुन्हा पुन्हा जाऊन विचारलं. त्यांना वाटलेलं की रेडिओ-पेपरमुळे लोक मत बदलताना दिसतील. दिसलं उलटंच, साधारण निम्म्यांचं मे महिन्यातच ठरलेलं होतं आणि इकडून तिकडे गेलेले फारच थोडे. माणूस कुठल्या धर्माचा, किती पैसेवाला, गावात राहतो की शहरात, एवढ्यावरनं बराच अंदाज यायचा.

पण तुमच्या नानांचं उत्तर त्यातल्याच दुसऱ्या भागात आहे. तिथे कॅथलिक लोक जास्त करून डेमोक्रॅट आणि श्रीमंत लोक रिपब्लिकन, मग जो श्रीमंत पण आहे आणि कॅथलिक पण आहे त्याने काय करायचं? असे दोन्हीकडून ओढले गेलेले लोक उशिरा ठरवायचे, नाहीतर त्यांचा निवडणुकीतला रसच कमी व्हायचा. नानांना चिन्ह एकीकडे ओढतंय आणि ज्यांना इतकी वर्षं मानलं ते ठाकरे घराणं दुसरीकडे. गप्प बसणारच ना माणूस. त्यांना उगाच टोकू नका.

आणि पक्षनिष्ठा म्हणाल तर पुढे मिशिगन विद्यापीठवाल्यांनी 1950 च्या दशकात दाखवलं की ती बहुतेक घरातनंच येते, लहानपणी, जाहीरनामा वाचून कोणी पक्षाचा होत नाही. अमेरिकेतलं सगळं इथे लागू होत नाही, तिकडे दोन पक्ष वर्षानुवर्षं तेच आणि आपल्याकडे पक्षच फुटतात, पण घरचं वळण आपल्याकडेही आहेच.

कांदा_निफाड
मॅडम छान सांगितलं पण आमच्याकडचं पण ऐका. निफाड दिंडोरी लोकसभेत येतं. डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली, भाव पडले, आणि 4 मे ला उठवली तर त्यावर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून ठेवलं. मतदान 20 मे ला. ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघत बसलेला शेतकरी मराठा असो, वंजारी असो, माळी असो, भाव सगळ्यांना एकच मिळाला. तेव्हा जातीचं कोणी काढलं नाही आमच्या पारावर, कांदा हाच समाज झाला. भाजपच्या भारती पवार केंद्रात राज्यमंत्री असून पडल्या, शरद पवार गटाचे भास्कर भगरे लाखाच्या वर लीडने आले.

आणि त्याच निवडणुकीत दुसरे एक भगरे अपक्ष उभे होते, त्यांचं चिन्ह नुसती तुतारी आणि शरद पवार गटाचं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली! आता ती काय जातीची मतं होती का? ज्याला पवार साहेबांना द्यायचं होतं त्याने आडनाव आणि तुतारी बघितली आणि बटण दाबलं. आमच्या शेजारची आजी अजून मानायला तयार नाही की तिचं मत भलतीकडे गेलं. लोकं चिन्हावर किती विसंबतात ते यातनं बघा.

तरी सहा महिन्यांनी विधानसभेला जिल्ह्यात 15 पैकी 14 महायुतीच्या आणि मालेगाव मध्य एमआयएमची, ती पण 162 मतांनी. तोच मतदार. तोवर लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आलेले आणि उभे असलेले आमदार ओळखीचे, कामाला येणारे.

बूथ_पंचवटी
मी वीसेक वर्षं यादी घेऊन फिरतोय, पक्ष सांगत नाही. मेळाव्याने मतं फिरत नाहीत हे कार्यकर्त्याला पण माहितीये, मेळावा असतो तो अध्यक्षाचं वजन वाढवायला. मत फिरतं ते गल्लीतल्या एका माणसामुळे, ज्याने तुमच्या पोराला दाखला काढून दिला किंवा रात्री दवाखान्यात गाडी नेली. तो ज्या पक्षात जातो तिथे वीस-पंचवीस घरं जातात. फक्त त्याची जात आणि गल्लीची जात बऱ्याचदा एकच असते म्हणून बाहेरच्याला वाटतं समाजाने ठरवलं.

नाशिक शहर पक्षाला बांधलेलं असतं तर मनसेचं असं झालं नसतं. 2009 ला शहरातले तीन आमदार, 2012 ला महापालिकेत 122 पैकी 40 नगरसेवक. 2014 ला तिन्ही आमदारक्या भाजपकडे आणि 2017 ला मनसेचे फक्त 5, भाजपचे 66. माणसं बरीचशी तीच, कितीतरी नगरसेवक पक्ष बदलून गेले आणि गल्ली त्यांच्या मागे गेली.

आणि एक गंभीर गोष्ट. मत गुप्त असतं पण बूथचं गुप्त नसतं. फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथवर कोणाला किती पडली ते छापून येतं. हजार-बाराशे मतदारांचा बूथ, त्यात कुठली सोसायटी कुठली वस्ती आम्हाला तोंडपाठ. निकालानंतर नेते तो कागद घेऊन बसतात, अमुक वस्तीने दगा दिला म्हणून. मग तिथला रस्ता मागे पडतो, हे मी डोळ्याने बघितलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. त्या भीतीने पण लोक एकगठ्ठा देतात, प्रेमाने नाही.

सिडकोवाला
दादा, हा फॉर्म 20 सामान्य माणसाला मिळतो का?

बूथ_पंचवटी
मिळतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर टाकतात. तुमचा नाशिक पश्चिम. 2024 ची लोकसभा आणि विधानसभा दोन्ही काढा, आपला बूथ नंबर शोधा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. मेळाव्यात जाहीर झालेला पाठिंबा किती उतरला ते कळेल. नंबर बदललेला असला तर शाळेच्या नावावरनं शोधा, नाही सापडला तर इथे टाका, मी बघून सांगतो.

नाशिकरोड_मॅडम
आणि आकडे मिळाले की इथे लिहा नक्की, मुलांना वर्गात दाखवायला असं गल्लीतलं उदाहरण कधी मिळत नाही. फक्त वस्तीचं नाव लिहू नका.