मदत हवी आहे: पाळलेल्या कोंबडीचा पाय मोडलाय, डॉक्टर मिळेपर्यंत काय करू?

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. काल संध्याकाळी अवकाळीचं वारं सुटलं आणि गोठ्याचं पत्र्याचं दार धाडकन आपटलं. आमची तांबडी नेमकी उंबऱ्यात होती. उजवा पाय सापडला तिचा.

तांबडी गावरान आहे, दोन वर्षांची. खुडूक कोंबडीखाली 11 अंडी बसवली होती, त्यातलं हे एकच पिल्लू उरलं, बाकीची मुंगसानं नेली. माझ्या मुलीनं तिला डालग्याखाली ठेवून, तळहातावर कण्या चारून वाढवलं. मुलगी शाळेतून आली की ही फाटकापर्यंत पळत जाते. म्हणून हात जोडून सांगते, "कापून टाका" हा सल्ला देऊ नका. कालपासून तो पाच जणांनी दिलाय. सासूबाईही म्हणाल्या, "एका कोंबडीपायी काय करूलालीस गं एवढं?" पण रात्री दोनदा उठून तिच्या चोचीपुढं पाण्याची वाटी त्यांनीच धरली.

आता पायाचं सांगते. मागं वाकणाऱ्या सांध्याखाली खवल्यांची नळी असते ना, ती मधोमध सुजलीय आणि हाताला गरम लागते. पाय अजिबात टेकवत नाही, एका पायावर उड्या मारते आणि लगेच बसते. एका जागी खवले फाटून रक्त आलं होतं, ते थांबलंय. हाड बाहेर दिसत नाही. पंजात बोट दिलं तर हलकंसं धरते. सकाळी पाणी प्याली. ज्वारीला तोंड लावलं नाही, भाकरीचा कुस्करा चारपाच वेळा टोचला.

जवळच्या दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टर लसीकरणाला बाहेर आहेत, परवा येतील. मेडिकलमध्ये विचारलं तर डायक्लोफेनॅकची पाव गोळी द्या म्हणाले. अजून दिली नाही. शेजारचे मामा शेळ्यांचे पाय बसवतात. चुना-हळद भरून बांबूच्या कामट्या करकचून बांधू, असं ते म्हणतात. बांधू द्यावं का? आणि दुपारी पत्र्याखाली जीव नकोसा होतो, अशा उन्हात हिला ठेवू कुठं? कुणी स्वतः असा पाय सांभाळला असेल तर लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी परभणीकडचा. बरीच वर्षं कोंबड्या पाळतोय, असे तीन पाय निस्तरलेत. आधी महत्त्वाचं: ती गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक खाल्लेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते झेपत नाही. दुखण्यावरचं औषध डॉक्टरच देतील, वजन पाहून.

चुनाही नको, फाटलेल्या कातडीला तो भाजतो. जखम उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसा आणि माश्या बसू देऊ नका. या दिवसांत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

मामांचा हात चांगला असेल, पण शेळीचा पाय वेगळा आणि ही बोटभर नळी वेगळी. आईस्क्रीमच्या दोन काड्या घ्या, पायाभोवती आधी कापूस गुंडाळा, दोन्ही बाजूंनी काड्या लावा, वरून मऊ पट्टी. नळी मोडली असेल तर वरचा सांधा आणि खालचा पंजा दोन्ही हलता कामा नयेत, बोटांची टोकं मात्र उघडी राहू द्या. दर दोन-तीन तासांनी ती चाचपा. गार पडली किंवा फुगली तर पट्टी काचतेय, लगेच सैल करा. पाय ओढून सरळ करायला जाऊ नका, आहे त्या स्थितीत फक्त आधार द्या. पिसांना चिकटपट्टी लावू नका आणि छातीभोवती काही आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच तिचा श्वास चालतो.

दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी दिसेल. घाबरू नका, पाखरांचा मुका मार हिरवाच होतो. काळी आणि थंडगार पडली तर मात्र थांबू नका.

ठेवायला मोठं डालगं किंवा खोकं घ्या, फिरता येणार नाही इतपतच. खाली कडबा नको, तो टोचतो. जुनं लुगडं चारपदरी घालून वर गव्हाचा भुसा. सारखं बसून छातीचं हाड सोलतं, म्हणून जाड हवं. माळवद असेल तर त्या खोलीत ठेवा, पत्र्याखाली नाही. तिच्या अंगाचंच तापमान 41 अंशांच्या पुढं असतं, चोच उघडून धापा टाकू लागली तर गार पाणी पाजा आणि पंजे ओले करा. उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवलेली बाजरी आणि टरफलाची पूड द्या.

1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, आजच लावून पाहा. नाहीतर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं न्या.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल उदगीरला नेलं. खोक्यात पोटाशी धरून, एसटीनं. नळीच मोडलीय, पण जागची सरकली नाही. तुमच्या सांगण्यावरून बांधलेल्या काड्या काढून त्यांनी नवीन पट्टी बांधली, औषध दिलं. औषध चालू असेपर्यंत आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत अंडी खायची नाहीत म्हणाले. ती एकटी पडली की ओरडते, म्हणून मुलगी तिच्या डालग्याशेजारीच अभ्यासाला बसते. दुसरी कोंबडी सोबतीला ठेवू का?

प्रतिसाद

मधे जाळी असेल तर ठेवा. एकत्र नको ताई, रक्ताचा लाल ठिपका दिसला की दुसऱ्या टोचून टोचून जखम करतात.

धागाकर्ती

आज 24 वा दिवस. काल पट्टी निघाली. पाय बारीक झालाय आणि नळीवर सुपारीएवढी गाठ लागते, ते जुळलेलं हाड आहे म्हणे. तांबडी पाय टेकवते, लंगडते, पण आज अंगणात उकरलं तिनं. मुलगी तिथंच रडायला लागली. सासूबाईंनी डाळीची चुरी आणून टाकली. एकच विचारायचंय, खुराड्यात कधी सोडू? आमचा कोंबडा दांडगा आहे.

प्रतिसाद

अजून दोन आठवडे तरी कोंबडा लांब ठेवा, तो पाठीवर चढला की सगळा भार त्याच पायावर येतो. आणि रात्री दांडीवर बसू देऊ नका, चढताना काही होत नाही, सकाळी खाली उडी मारताना कच्चं हाड पुन्हा मोडतं. खालीच भुशावर झोपवा.