‘डिक्लेरेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

उद्यमनगरकर: ऑफिसातल्या मशीनवर निक्सओएस टाकलंय (लिनक्सचाच एक प्रकार, सिस्टिम कशी हवी ते यात एका फाईलीत लिहायचं). नव्या पोरांसाठी मराठीत चार पानं लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘डिक्लेरेटिव्ह कॉन्फिगरेशन’ला, म्हणजे कसं करायचं ते न सांगता काय हवं तेवढं लिहायचं या पद्धतीला, ‘घोषणात्मक संरचना’ असा शब्द सापडला. वाचून बिंदू चौकातली सभाच आठवते. दुसरं काही सुचतंय का?

शाहूपुरीचे सर: शाळेतलं व्याकरण काढा की. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी वाक्यं. ‘इम्परेटिव्ह’ला आज्ञार्थी आहेच, मग त्याची जोडी विधानार्थी. ‘एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) बसव, मग सेवा चालू कर’ ही आज्ञा. ‘एसएसएच सेवा चालू आहे’ हे विधान.

उद्यमनगरकर: हे जमतंय. फाईलीत ओळही तशीच असते: सर्व्हिसेस डॉट ओपनएसएसएच डॉट एनेबल बरोबर ट्रू, शेवटी अर्धविराम. (अर्धविराम विसरला की मात्र पुढचं सगळं अडतं.)

रंकाळाकाठ: सर, थोडा विरोध. ओळ सेव्ह केली म्हणून सेवा सुरू होत नाही. फाईलीप्रमाणे सिस्टिम घडवणारी ‘निक्सओएस-रीबिल्ड स्विच’ ही कमांड चालवेपर्यंत ते विधान खोटंच. म्हणजे ‘चालू आहे’ नव्हे, ‘चालू असावी’. हा विध्यर्थ झाला. तुमच्या उद्यमनगरातच बघा, ड्रॉइंगवर व्यास २५ मिमी लिहितात तेव्हा जॉब अजून कापायचाच असतो. आधी फेसिंग का टर्निंग, हे लेथवाला ठरवतो.

शाहूपुरीचे सर: मुद्दा बिनतोड आहे, शब्द नाही. विध्यर्थात इच्छा, शक्यता, कर्तव्य, योग्यता सगळंच येतं. ‘आता पाऊस थांबावा’ हाही विध्यर्थच, आणि तो काही आपलं ऐकत नाही. शिवाय ड्रॉइंगवर ‘व्यास २५’ एवढंच असतं, ‘असावा’ कुणी लिहीत नाही. रूप विधानाचं, अर्थ अपेक्षेचा. नाव रूपावरून द्या.

डेबियनवाला: मी ॲप्टवाला माणूस, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवायची-काढायची ती कमांड. मला फरक कळला तो पॅकेज काढताना. ॲप्टनं एकदा ‘बसव’ म्हटलं की ‘काढ’ म्हणेपर्यंत पॅकेज बसून राहतं, कुणी कधी बसवलं ते कुणाला आठवत नाही. निक्सओएसमध्ये ओळ पुसून रीबिल्ड केलं की नव्या सिस्टिममध्ये ते नसतंच. डिस्कवर पडून राहतं, ते नंतर झाडायचं. म्हणून ‘स्थितिदर्शक’ कसा वाटतो?

उद्यमनगरकर: लै गुळगुळीत. दर्शक म्हणजे मीटर, आहे ते दाखवणारा. ही फाईल दाखवत नाही, ठरवते. मी ‘विधानार्थी’ धरतो, पहिल्यांदा येईल तिथं शेजारी ‘डिक्लेरेटिव्ह’ लिहीन. आता ‘जनरेशन’?

रंकाळाकाठ: पिढी. रीबिल्ड स्विच केलं की सिस्टिमची नवी पिढी, मशीन सुरू होताना मेनूत जुन्याही दिसतात, नवी बिघडली तर मागची निवडायची. फक्त पोरांना सांगा, पिढी मागं गेली तरी डेटाबेसमधल्या नोंदी मागं जात नाहीत. त्याचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

डेबियनवाला: आणि डिस्कवरचं जुनं झाडणाऱ्या ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज’ला ‘डॅश डी’ लावून रूट म्हणून चालवलं की सिस्टिमच्या जुन्या पिढ्या कायमच्या पुसल्या जातात, हे ठळक अक्षरात लिहा भावा.