मदत हवी आहे : सूक्ष्मदर्शक प्रतिमांकनाचे प्राथमिक प्रशिक्षण बेळगावातच देता येईल का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करीत असून खानापूर, निपाणी, चिकोडीकडील नवोदित संशोधकांसाठी मराठी-कन्नडमधून दोन दिवसांचे मायक्रोस्कोपी प्रशिक्षण घ्यावे असा माझा विचार आहे. कॉन्फोकल यंत्रासाठी (लेझरने नमुन्याचा एकेक थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) आम्हांला सुमारे ५०० किलोमीटरवरील बेंगळूर गाठावे लागते आणि मिळालेला वेळ यंत्राची ओळख होण्यातच सरतो. माझ्या पहिल्या खेपेला डिटेक्टरचा गेन (प्रकाश-संकेत वाढवण्याचे प्रमाण) इतका वाढला की तेजस्वी भाग पूर्ण पांढरे पडले, आणि अशा संपृक्त पिक्सेलमधील हरवलेली माहिती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नसल्यामुळे तीव्रतेचे मोजमापच करता आले नाही. म्हणून ऑब्जेक्टिव्हचे (नमुन्याजवळच्या भिंगाचे) न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता, पिक्सेलचा आकार, तुलनेसाठीचे रंग न दिलेले नियंत्रण नमुने ही पूर्वतयारी इथेच शिकवली जावी, असे मला मनापासून वाटते. विश्लेषणासाठी मोफत मिळणारे फिजी सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालते.

आय-स्टेम या संशोधन-उपकरणांच्या सरकारी पोर्टलवरून इतर संस्थांतील उपकरणे वापरण्यासाठी कोणी नोंदणी केली असल्यास आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा. सरावासाठी मूळ स्वरूपातील प्रतिमा (जेपीईजी नकोत, त्यांत माहिती गळते) कोणी देऊ शकेल का? आणि ‘रेझोल्यूशन’साठी (जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता) विद्यार्थ्यांना सहज उमगेल असा मराठी शब्द आपण कोणता वापरता?